लख्ख ताट

सुप्रभा मगदूम जयसिंगपूरजवळच्या एका दूध संघात रसायनतज्ज्ञ होती, म्हणजे दिवसभर संशय घेणं हेच तिचं काम. गावोगावचे कॅन यायचे आणि प्रत्येक कॅनकडे ती अशी बघायची, जणू तो काहीतरी लपवतोय. दुधात पाणी घातलं की दूध पातळ होतं. ते यंत्राला कळू नये म्हणून कुणी मीठ घालतं, कुणी साखर, कुणी आणखी काही. यंत्रं दरवर्षी हुशार होत होती आणि त्यांना फसवणारेही तितकेच. 'यात काय घातलंय?' हा प्रश्न तिच्या डोक्यात इतका मुरला होता, की हॉटेलातला चहासुद्धा ती आधी हुंगून बघायची.

हा प्रश्न ती घरी घेऊन आली, त्याची ही गोष्ट. काळ फार लांबचा नाही. आज शाळेत पाढे म्हणणारी मुलं नोकरीला लागलेली असतील, इतकाच पुढचा.

घरी तिचा नवरा भरतेश, सासू पद्मावती आणि सासरे नेमगोंडा. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांनी उभी हयात एसटी चालवली. घाटात जड गाडीचं स्टिअरिंग फिरवून त्यांची मनगटं अशी झाली होती, की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात लागायचा. पंच्याहत्तरीत त्यांचं हृदय थकलं.

हृदय थकणं म्हणजे बंद पडणं नव्हे. विहिरीवरचा पंप जुना झाला की पाणी उचलतो, पण पूर्वीच्या जोराने नाही. तसं ते असतं. रक्त जोराने पोचलं नाही की मूत्रपिंडांचा गैरसमज होतो. त्यांना वाटतं, शरीरात पाणी कमी पडलंय. मग ती मीठ धरून ठेवतात आणि मिठामागून पाणीही थांबतं. ते पायांत उतरतं, पोटात साठतं आणि शेवटी फुप्फुसांत चढतं. माणूस आडवा झाला की त्याला धाप लागते. म्हणून अशा रुग्णाला मीठ बेताचं.

दवाखान्यातून बरं होऊन गेलेली म्हातारी माणसं महिन्याभरात पुन्हा धापा टाकत परत येत. डॉक्टर मंडळी याला कंटाळली होती. घरी जाऊन हे खातात तरी काय, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून मिरजेच्या हृदयकेंद्राने रुग्णांच्या घरी दोन वस्तू द्यायला सुरुवात केली. एक ताट आणि एक पाट.

पाट बाथरूमच्या दाराशी ठेवायचा, सकाळी त्यावर उभं राहायचं. तो वजन सांगायचा. ताट दिसायला साधं स्टीलचं होतं, पण तळाशी बरंच काही होतं. कुठल्या वाटीतून किती अन्न गेलं ते त्याला वजनावरून कळे. खारट ओलाव्यातून वीज सहज वाहते, त्यावरून मीठ कळे. आणि डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश अन्नावर पाडून, परत आलेल्या उजेडावरून ते प्रथिनांचा अंदाज बांधे. जेवण नीट झालं की काठावरचा दिवा हिरवा. थोडं कमीजास्त झालं की पिवळा. लाल दिवा लागला की मिरजेहून फोन.

एक नियमही होता. एका हिवाळ्यात तिसऱ्यांदा भरती करावं लागलं, तर घरी काळजी घेतली जात नाही असं धरून रुग्णाला केंद्राच्या निगराणी निवासात हलवायचं. घरच्यांनी रविवारी येऊन भेटायचं. आप्पा दिवाळीनंतर एकदा भरती झाले होते, आणि संक्रांतीच्या आधी दुसऱ्यांदा.

दुसऱ्यांदा घरी आल्यावर आठवडाही झाला नाही तोच डॉक्टर कुंभोजकरांचा फोन आला.

"ताट रोज लख्ख होतंय," त्या म्हणाल्या. "मीठ बेताचं, प्रथिनं भरपूर. दिवा कायम हिरवा. पण पाय पुन्हा सुजायला लागलेत ना?"

"हो. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडतो."

"वजन तर उतरायला हवं होतं, तेही जिथल्या तिथे आहे. यंत्राचं म्हणणं आहे की मीठ ताटाबाहेरून येतंय."

"यंत्राचं म्हणणं, की तुमचं?"

"सध्या दोघांचं एकच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "घरात लक्ष ठेवा. आता तिसरी वेळ नको."

सुप्रभाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याच दिवशी तिने लोणच्याची बरणी कपाटात कुलूपबंद केली. पापड शेजारी दिले. मग भरतेशच्या ऑफिसच्या बॅगेत तिला भडंगाची पुडी सापडली.

"ही कुणासाठी?"

"माझ्यासाठी. जयसिंगपुरात राहून भडंग खाणं गुन्हा झाला काय आता?"

"आप्पांना दिलंस?"

"अगं, बापाला मी मीठ चारीन होय?" तो हसत म्हणाला. मग तिचं तोंड बघून त्याने हसणं आवरलं. "तुझ्या त्या दुधाच्या कॅनगत माझ्याकडं बघू नको, सुप्रभा."

रात्री पुण्याहून नणंदेचा, राजमतीताईचा फोन आला. तिने इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ विषयाला हात घातला.

"स्वयंपाक तूच करतेस ना गं?"

"हो. दोन्ही वेळचा मी सकाळीच करून ठेवते. मी कामाला जाते, आणि आप्पा-आई दिवसाउजेडीच जेवतात. आई फक्त वाढतात."

"मग मीठ आभाळातून पडतं काय? मी काही म्हणत नाही हं. नुसतं विचारलं."

नुसतं विचारलेलं रात्रभर टोचत राहिलं. सकाळी सुप्रभाने मिठाचा डबा सपाट करून वर चमच्याने बारीक नक्षी काढली आणि झाकण लावलं. संध्याकाळी नक्षी जशीच्या तशी होती. एखादीला बरं वाटलं असतं. सुप्रभाचा संशय मात्र घराबाहेर गेला.

घराबाहेरून रोज येणारा माणूस एकच होता. गुलाब मोमीन. आप्पांच्या गाडीवरचे कंडक्टर. दुपारी चहाच्या वेळेला ते कापडी पिशवी घेऊन यायचे, आप्पांच्या पलंगाजवळ बसायचे आणि दोघं जुन्या रस्त्यांवरून पुन्हा एकदा गाडी न्यायचे. कुठे ब्रेक तापला, कुठल्या थांब्यावर म्हातारी कोंबड्या घेऊन चढली, सगळं. त्या तासाभरात आप्पांचा आवाज मोकळा व्हायचा.

सुप्रभा एका दुपारी रजा टाकून घरी राहिली. मोमीन चप्पल काढून आत आले, तशी ती पुढे झाली.

"मामा, पिशवी इकडं द्या. कोपऱ्यात ठेवते."

पिशवी जड होती. तिने स्वयंपाकघरात नेऊन ती उघडली. आत एक जुना टॉर्च, कसल्याशा गोळ्या आणि चार पेरू. दारात सावली पडली म्हणून तिने वळून पाहिलं. मोमीन उभे होते.

"पेरू तुमच्यासाठी आणलेत, सूनबाई," ते म्हणाले. "झाडाचेच आहेत. मीठ लावलेलं नाही."

त्यांनी शांतपणे पिशवी घेतली, पेरू ओट्यावर ठेवले आणि आप्पांना 'येतो रे ड्रायव्हर' एवढंच म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतरही नाहीत.

आप्पांना सगळं कळलं होतं. त्यांनी सुप्रभाला हाक मारली. तिने बघितलं, बोलताना त्यांनी हात वर केला तसं घड्याळ मनगटावरून घरंगळत कोपराकडे गेलं. तिला ते दिसलं, पण त्याचा अर्थ त्या वेळी लागला नाही.

"सर्व्हिसभर एक पॅसेंजर फुकट बसवला नाही मी," आप्पा म्हणाले. "आणि आता म्हातारपणी मीठ चोरून खाईन? तुला खरंच तसं वाटतं, पोरी?"

"मला काही वाटत नाही, आप्पा. मी फक्त शोधतेय."

"शोध, शोध. घावलं की मलाबी दाखव."

सासूबाई भिंतीशी बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नुकत्याच निम्म्या झाल्या होत्या. तब्येत छान राहिलीय म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी कौतुक केलं होतं. सुप्रभाला त्या कौतुकाचाही राग आला. एकाला बरं वाटतंय, दुसरा फुगतोय, आणि घरात मीठ सापडत नाही.

ते सापडलं नाहीच. सापडलं ते दुसरंच, आणि तेही दूध संघात.

एका गावचा कॅन संशयास्पद म्हणून तिच्याकडे आला. वजन बरोबर. तिने मीठ तपासलं, नव्हतं. साखर नव्हती, युरिया नव्हता, पावडर नव्हती. तासभर ती काय घातलंय ते शोधत होती. मग शेवटी तिने दुधातले घन पदार्थ मोजले, जे तिने आधी मोजायला हवे होते. ते फारच कमी होते. कुणीतरी दूध काढून घेऊन तेवढंच साधं पाणी ओतलं होतं. कॅन तेवढाच भरलेला, तेवढाच जड. आतला जीव तेवढा गेलेला.

ती नळी हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे आप्पांचं घड्याळ आलं. शेवटच्या भोकात लागणारा पट्टा आणि कोपरापर्यंत घरंगळणारं घड्याळ. वजन जिथल्या तिथे. पण कशाचं वजन? मांस उतरलं असेल आणि त्याची जागा पाण्याने घेतली असेल, तर पाटाला काय कळणार?

पण ताट तर लख्ख होत होतं. मग आप्पांचं मांस उतरावं कसं?

आणि मग तिला घरची मोरी आठवली. रोज संध्याकाळी ती कामावरून येऊन भांडी घासायची, तेव्हा मोरीत एकच ताट असायचं. ते ताट. सासूबाईंचं ताट तिने शेवटचं कधी घासलं होतं, तिला आठवेना.

ती त्या दिवशी ऊन असतानाच निघाली. घरी पुढच्या दाराने न जाता मागच्या अंगणातून आली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड थांबली. असं चोरून बघायची तिला लाज वाटत होती, पण पाय निघेना.

आप्पा ताटावर बसले होते. एक भाकरी, मुगाची उसळ, घट्ट दही. चार घास झाले आणि त्यांचा हात थांबला.

"बास झालं."

"अजून दोन घास घ्या की."

"इथपर्यंत भरल्यागत वाटतंय बघ." त्यांनी छातीवर हात ठेवला. "तुला ठेवलंय. दही घट्ट आहे आज."

"तुम्हाला दही आवडतं म्हणून तिनं लावलंय."

"आणि तुला आवडत नाही होय?"

ते उठले, भिंत धरत बाहेरच्या खोलीत गेले. सासूबाईंनी ताट आपल्यापुढे ओढलं आणि खाली मान घालून जेवायला लागल्या. अळणी उसळ, अळणी भाकरी. शेवटी बोटाने वाटी पुसून त्यांनी ताट लख्ख केलं. काठावर हिरवा दिवा लागला. त्यांनी त्या दिव्याकडे पाहून सुटकेचा श्वास सोडला आणि तेवढ्यात त्यांना दारातली सून दिसली.

मग सुप्रभा त्यांच्यासमोर खाली बसली.

"किती दिवस चाललंय, आई?"

"लग्नापासून," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. आप्पांची ड्यूटी कधी पहाटे सुटायची, कधी मध्यान्ही. पद्मावती त्यांच्यासाठी जेवायची थांबायची. ते यायचे, जेवायचे आणि कितीही भूक असली तरी ताटात तिच्यासाठी चतकोर भाकरी आणि काहीतरी चांगलं ठेवायचे. घट्ट दही, नाहीतर गुळाचा खडा. मग त्याच ताटात ती आणखी वाढून घ्यायची. सासू होती तोवर ती रीत होती. सासू गेल्यावर रीत मोडता आली असती, पण तोवर त्यांना त्याची गोडी लागली होती.

"दवाखान्यातनं आल्यावर चतकोराची अर्धी झाली," त्या म्हणाल्या. "मग अर्ध्याचीबी जास्त. मला वाटलं, आजारी माणूस, येईल हळूहळू भूक."

"मला सांगायचं नाही का? ताट बसवायला आला होता त्या माणसाने विचारलं होतं ना?"

"त्यानं विचारलं, ताटात काही उरतं काय. मी म्हटलं, आमच्या ताटात आजवर कण उरला नाही." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "उरलं असतं तर लाल दिवा लागला असता. मग त्यांना तिकडं नेलं असतं. तिकडं हे एकटे कसे जेवणार गं? आणि मी?"

"माझा अंदाज होता, तुम्ही मीठ देताय," सुप्रभा म्हणाली. "तुम्ही, नाहीतर मोमीनमामा, नाहीतर भरतेश."

"कळत होतं मला. तू बरणीला कुलूप लावलंस तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मीठ नाही देत, घास खाते, असं?"

दुसऱ्या दिवशी सुप्रभा मिरजेला गेली. वाटेत दोनदा तिला परत फिरावंसं वाटलं. खरं सांगितलं की केंद्र म्हणणार, या घराने ताटाला फसवलं. आणि फसवणाऱ्या घरात रुग्ण ठेवायचा नाही, हे तर ओघानेच आलं. पण कॅनमध्ये पाणी आहे हे माहीत असून शिक्का मारणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. डॉक्टर कुंभोजकर टेबलावर पेन्सिल आडवी-उभी करत ऐकत राहिल्या.

"हे वर कळवलं तर ताट काढून घेतील आणि आप्पांना निवासात हलवतील, माहितीय ना?"

"माहितीय."

"कळवावं तर लागणारच. पण आधी आप्पांचं रक्त घेऊ या." पेन्सिल थांबली. "आणि एक सांगते. ताटातलं किती गेलं, हे आम्ही रोज बघत होतो. ते कुणाच्या पोटात गेलं, हे एकदाही विचारलं नाही. संशयाला मीठ मिळालं आणि आम्ही थांबलो."

रक्तातलं अल्ब्युमिन फारच उतरलेलं निघालं. अल्ब्युमिन म्हणजे यकृतात तयार होणारं प्रथिन. रक्तातलं पाणी ते स्पंजासारखं धरून ठेवतं. ते कमी झालं की पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून बाहेर येतं आणि सूज वाढते. दीर्घ आजारानेही ते घटतं, उपासमारीने आणखी. गंमत अशी, की सुजलेल्या आतड्यांमुळे भूक मरते. भूक मेली की खाणं घटतं. खाणं घटलं की सूज वाढते. या चक्रात म्हातारं माणूस आतून वाळत जातं आणि वरून भरल्यासारखं दिसतं. घरचे म्हणतात, तब्येत बरी दिसतेय.

डॉक्टरांनी पाणी उतरवायचं औषध बदललं. दोन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं, पण पाच-सहा वेळा द्यायला सांगितलं. दही, मूग, शेंगदाणे, पनीर. वर कळवलं तेव्हा त्यांनी ताट गुढीपाडव्यापर्यंत मगदूमांच्या घरी राहू द्यावं अशी विनंतीही केली. विनंती मान्य झाली, पण एका अटीवर. पाडव्याच्या आत भरती करावं लागलं तर निवास.

औषध चालू झालं आणि पहिल्याच आठवड्यात पाटावरचं वजन झरझर उतरलं. पाणी गेल्यावर खाली काय राहिलंय ते दिसलं. आप्पांचे दंड सुनेच्या दंडाएवढे होते. आता त्यांना खायला घालायचं होतं, आणि ते खात नव्हते. सासूबाईंचं ताट वेगळं मांडलं, तसे ते चारऐवजी तीन घासांवर आले.

"तिला ठेवायचं नाही तर मग जेवल्यागतच वाटत नाही," ते म्हणाले. हट्ट नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

सुप्रभा दोन दिवस विचार करत राहिली. मग ती आधी मोमीनांच्या घरी गेली. तिथे ती काय बोलली हे तिने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दुपारी मोमीन आले, दारातच पिशवी तिच्यापुढे धरली.

"तपासा."

"नको मामा."

"तपासा हो. पेरू आहेत. नंतर म्हणाल, कंडक्टरनं सुट्टे दिले नाहीत."

आणि संध्याकाळी, सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी, तिने सासूबाईंना ताटावर बसवलं. आप्पांना शेजारी, जेवणाच्या साध्या पाटावर.

"हे काय?" आप्पा म्हणाले.

"आज आई आधी जेवणार. मग तुम्ही."

"असलं कधी झालंय होय?"

"म्हणूनच."

सासूबाई अवघडून बसल्या होत्या. पहिला घास हातात घेऊन त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग जेवल्या. थोडी भाकरी, उसळ आणि घट्ट दह्याची वाटी शिल्लक ठेवून त्या उठल्या. सुप्रभाने ताटाचं बटण दाबून मोजणी नव्याने सुरू केली.

आप्पा ताटाकडे बघत राहिले. दह्यावर सासूबाईंनी गुळाचा बारीक खडा ठेवला होता.

"माझ्यासाठी ठेवलंस?"

"टाकणार असाल तर सांगा."

"तू ठेवलेलं टाकीन?"

"काय माहीत. तशी वेळच कधी आली नाही."

ते जेवायला लागले. चौथ्या घासाला थांबले, दम घेतला. पाचवा घेतला. मोमीन त्या दिवशी मुद्दाम थांबले होते. त्यांनी बाहेरून घाटातली एक बंद पडलेली गाडी सांगायला घेतली. ती गाडी वर चढेपर्यंत भाकरी संपली. बोटाने वाटी पुसून आप्पांनी ताट लख्ख केलं. काठावर हिरवा दिवा लागला, अगदी पूर्वी रोज लागायचा तसाच.

पाडवा आला आणि गेला, पण आप्पांना मिरजेला नेण्याची वेळ आली नाही. घड्याळ अजून सैलच होतं, पण आता मनगटापाशी थांबत होतं. राजमतीताईने फोनवर कौतुक केलं. डॉक्टरांनी ताट कायम ठेवलं.

सुप्रभा मात्र त्या हिरव्या दिव्याकडे बघायची नाही. संध्याकाळी लवकर येऊन ती ताटाशेजारी बसायची आणि हात किती वेळा तोंडाकडे जातो ते बघायची. अशीच बघत असताना एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की आप्पांच्या वाट्याची भाकरी दिवसेंदिवस मोठी होत चाललीय. चतकोराची अर्धी झाली होती, अर्ध्याचीही जास्त. सुप्रभा ताटात वाढत होती ते मात्र पूर्वीइतकंच.

"आई," तिने विचारलं, "तुमचं पोट भरलं?"

"भरलं की."

अगदी त्याच सुरात, ज्या सुरात आप्पा 'बास झालं' म्हणायचे.

सुप्रभा उठली. मांडणीवरून एक साधं, बिनदिव्याचं ताट काढलं, त्यात भाकरी घेतली, उसळ घेतली, दही घेतलं, आणि ते दोघींच्या मध्ये ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "मला एकटीला जेवण जात नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. त्यांना संशय आला होता, हे स्पष्ट दिसत होतं. पण त्या बसल्या.